हाताच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेला प्रतिजैविकाचा एकच डोस पुरतो का?

प्रश्न — ओटी सिस्टर

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका धर्मादाय रुग्णालयात मी अकरा वर्षांपासून शस्त्रक्रियागृह सांभाळते आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे हाताच्या फ्रॅक्चरची रांग लागते : शेवाळलेल्या पायरीवरून घसरून मनगट मोडलेल्या आजी, दुचाकी घसरून कोपराखालची दोन्ही हाडे मोडलेली तरुण मुले, झाडावरून पडून कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडलेली शाळकरी पोरे. शस्त्रक्रियेसाठी बाहेरून तीन अस्थिरोगतज्ज्ञ येतात आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत तिघांच्या तीन तऱ्हा आहेत. पहिले डॉक्टर चीर देण्यापूर्वी सेफाझोलिनचा एक डोस देतात आणि पुढे काहीही लिहीत नाहीत. दुसरे सेफ्युरोक्झिम चोवीस तास चालू ठेवतात. तिसरे सेफ्ट्रायॅक्झोन आणि अमिकासिन पाच दिवस शिरेतून देतात आणि डिस्चार्ज कार्डावर आणखी पाच दिवसांच्या गोळ्या लिहितात. मग ती मनगटाची प्लेट असो की मुलाच्या कोपरातल्या दोन के-वायर, म्हणजे हाड जागेवर धरणाऱ्या बारीक तारा, असोत.

गेल्या आठवड्यात अशाच के-वायर घातलेल्या एका सात वर्षांच्या मुलाचे वडील वॉर्डच्या दाराशी थांबले आणि मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या पोराला एकच इंजेक्शन दिलं आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराला पाच दिवस सुया चालू आहेत. आमचं पिवळं रेशनकार्ड बघून हात आखडता घेतला का?" दोन्ही मुलांची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनच झाली होती, हे मी त्यांना सांगितले. मग फरक का, या त्यांच्या पुढच्या प्रश्नावर मात्र मला उत्तर देता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. हातामध्ये धातू बसवल्यानंतर खरोखर एकच डोस पुरतो का? प्लेट आणि वायर यांत काही फरक करावा का? मुलांच्या वायरची टोके तीन-चार आठवडे कातडीबाहेर असतात, तेवढे दिवस औषध द्यायला नको का? आणि हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, तर हाच नियम लागू होतो का? मी औषध लिहिणारी नाही, देणारी आहे. पण जे देते ते का देते, हे मला कळले पाहिजे असे वाटते.

उत्तर — निवृत्त अस्थिशल्यक

सिस्टर, तुमच्या यादीतील तिसरे डॉक्टर कोण हे मला ठाऊक नाही, पण मी त्यांना चांगला ओळखतो, कारण माझ्या उमेदीची जवळजवळ वीस वर्षे मी स्वतः तसाच वागत होतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात माझ्या सरांनी पाच दिवस लिहिले म्हणून मी पाच दिवस लिहिले, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनी माझे पाहून लिहिले. यामागे शास्त्र नव्हते, धाक होता. उद्या जखमेतून पू आला आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तर "एकच डोस दिला होता?" असे विचारून ते भुवया उंचावतील, हा तो धाक.

आता मुद्द्याकडे येतो. बंद फ्रॅक्चर, म्हणजे कातडी शाबूत असलेले फ्रॅक्चर, उघडून त्यात प्लेट बसवताना औषधाचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीने १९९६ मध्ये बराचसा निकालात काढला. बंद फ्रॅक्चरच्या २,१९५ शस्त्रक्रियांमध्ये काही रुग्णांना आधी प्रतिजैविकाचा एक डोस दिला आणि काहींना औषध नसलेले इंजेक्शन दिले. औषध न मिळालेल्यांत जखमेचा जंतुसंसर्ग ८.३ टक्के होता आणि एक डोस मिळालेल्यांत ३.६ टक्के. ही घट फक्त एका डोसाने झालेली आहे, याकडे कृपया लक्ष द्यावे. त्यानंतर जे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यांतही डोस वाढवल्याने संसर्ग आणखी कमी होतो असा विश्वासार्ह पुरावा पुढे आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रिया संपल्यानंतर प्रतिबंधक औषध लांबवू नये असे स्पष्टपणे सांगितले, आणि आपल्याकडील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या त्याच वर्षीच्या सूचनांतही बंद फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेसाठी कमाल मर्यादा चोवीस तासांचीच आहे. म्हणजे तुमचे पहिले डॉक्टर बरोबर आहेत, दुसऱ्यांचे चोवीस तास चालवून घेता येतील, आणि तिसऱ्यांच्या पाच दिवसांना आधार नाही.

असे का होते, हे तुम्हाला त्या वडिलांना सांगायचे असेल तर शेतातलेच उदाहरण द्यावे. पेरणीच्या वेळी बियाणाला औषध चोळतात. पीक गुडघाभर वाढल्यावर तेच औषध शेतात शिंपडून बियाणाचे रक्षण होत नाही. चीर दिल्यावर कातडीवरचे थोडे जंतू जखमेत उतरतातच, कितीही चोळून साफ केले तरी. त्या क्षणी ऊतींमध्ये आणि जखमेत साकळणाऱ्या रक्तात औषध पुरेसे असेल तर ते जंतू तिथेच संपतात. नसेल, तर ते धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, आणि एकदा तो थर जमला की पाच काय, पंधरा दिवस औषध दिले तरी ते आतपर्यंत पोहोचत नाही. १९६१ मध्ये बॉस्टनमध्ये गिनिपिगांवर झालेल्या प्रयोगांत हेच दिसले होते : जंतू कातडीत सोडण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास औषध दिले तर उपयोग झाला आणि तीन तास उलटून गेल्यावर दिले तर न दिल्यासारखेच झाले.

हाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने असते. पायाच्या नडगीवर कातडीखाली लगेच हाड लागते; दंड आणि कोपराखालच्या हाताभोवती रक्तपुरवठा भरपूर असलेले स्नायू असतात, त्यामुळे हाताच्या जखमा सहसा लवकर आणि स्वच्छ भरतात. मनगटाच्या तळव्याकडील बाजूने बसवलेल्या प्लेटला गंभीर संसर्ग होणे हे खरोखर विरळ आहे. अपवाद कोपराच्या टोकाचा. तिथे कातडी पातळ असते, वायर खालून टोचते, आजी दिवसभर कोपर टेकवून बसतात आणि जखम उघडते. पण ती उघडते ती टोचण्यामुळे, औषध कमी पडल्यामुळे नव्हे.

मुलांच्या वायरबद्दल. कोपराच्या वरचे फ्रॅक्चर कातडी न उघडता, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बसवले आणि बाहेरून वायर घातल्या, तर संसर्गाचे प्रमाण मुळातच इतके कमी असते की जुन्या नोंदी तपासणाऱ्या काही अभ्यासांत आधीचा एक डोस दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांमध्येही फरक आढळलेला नाही. मी तरीही निवृत्तीपर्यंत एक डोस देत असे. धातू आत जातो आहे आणि एका डोसाने मुलाचे काही बिघडत नाही, एवढेच त्याचे समर्थन. वायरची टोके बाहेर आहेत म्हणून चार आठवडे गोळ्या देण्याला मात्र अर्थ नाही. तिथे ड्रेसिंग कोरडे ठेवावे, प्लास्टरच्या आत पेन्सिल किंवा विणायची सुई घालून खाजवू देऊ नये (ही मुले ते करतातच), आणि वायरच्या तोंडाशी लाली किंवा चिघळ दिसली तर लगेच दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा ती लाली वरवरची असते आणि साफसफाईने, थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी आणि वेळेवर वायर काढल्याने जाते.

उघड्या फ्रॅक्चरचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे आपण संसर्ग टाळण्यासाठी औषध देतो असे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण माती आणि जंतू आधीच आत गेलेले असतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात औषध न दिलेल्या उघड्या फ्रॅक्चरपैकी १३.९ टक्के चिघळली आणि सेफॅलोथिन (सेफाझोलिनच्याच गटातले जुने औषध) दिलेल्यांपैकी २.३ टक्के. म्हणून तिथे शस्त्रक्रियेची वाट पाहायची नसते. रुग्ण अपघात विभागात आल्याबरोबर, शक्य तर जखम झाल्यापासून तासाभरात, पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान व स्वच्छ असेल किंवा मध्यम असेल, तर सेफाझोलिन जखम बंद केल्यानंतर चोवीस तासांपर्यंत पुरते. मळणी यंत्रात किंवा उसाच्या चरकात हात सापडून मांस फाटले असेल, तर ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या वेगळ्या गटातील जंतूंसाठी दुसरे औषध जोडतात, शेतातली माती-शेण गेले असेल तर पेनिसिलिनचाही विचार करतात, आणि तरीही हे सगळे बहात्तर तासांत किंवा जखम झाकल्यानंतर चोवीस तासांत, जे आधी होईल तेव्हा, थांबवतात. धनुर्वाताची लस विसरू नये. आणि मेलेले मांस नीट कापून भरपूर सलाईनने जखम धुतली नसेल, तर कपाटातली सगळी औषधे देऊनही हात वाचत नाही.

उत्तर — भूलतज्ज्ञ

सरांच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण सिस्टर, तुमच्या प्रश्नात "किती दिवस" आहे आणि "किती वाजता" नाही, याकडे लक्ष वेधते. तिन्ही डॉक्टरांचा पहिला डोस नेमका कधी दिला जातो, हे एकदा केसपेपर काढून पाहावे. माझ्या अनुभवात लहान रुग्णालयांमध्ये खरी गळती तिथे असते.

सर्वसाधारणपणे असे घडते. आदल्या रात्री वॉर्डमध्ये औषधाची ॲलर्जी पाहण्यासाठी कातडीत टेस्ट डोस टोचला जातो, सकाळी सात-साडेसातला रात्रपाळीची सिस्टर घरी जाण्यापूर्वी "प्री-ऑप" म्हणून पूर्ण डोस देऊन टाकते, कारण फाईलवर तसे लिहिलेले असते. मग आधीची केस लांबते, डॉक्टर दुसऱ्या गावाहून यायचे असतात, आणि चीर पडते अकराला. सेफाझोलिनची रक्तातील पातळी साधारण दोन तासांत निम्मी होते. साडेतीन तासांनी चीर दिली, तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी औषध उरलेले असते आणि शस्त्रक्रिया तर अजून सुरूही झालेली नसते. १९९२ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयाने २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चिरेच्या आधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के होता; दोन तासांहून अधिक आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के, आणि चिरेनंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. खूप आधी दिलेला डोस हा उशिरा दिलेल्या डोसाइतकाच वाया जातो, हे या आकड्यांत मला सर्वांत बोलके वाटते.

हाताच्या शस्त्रक्रियेत यात आणखी एक मेख आहे, ती म्हणजे टूर्निकेट. दंडावर पट्टा बांधून हवा भरली की कोपराखाली रक्त जायचे थांबते, आणि रक्त जात नाही तिथे औषधही जात नाही. म्हणून डोस पट्टा फुगवण्याच्या आधी, निदान पाच-दहा मिनिटे तरी, पूर्ण गेलेला असला पाहिजे. चिरेच्या दहा मिनिटे आधी दिले पण पट्टा पंधरा मिनिटांपूर्वीच फुगवला होता, असे झाले तर कागदावर वेळ बरोबर दिसते आणि हाताला मात्र औषध मिळालेलेच नसते. मी स्वतः मानेजवळ हाताच्या नसांचा ब्लॉक (हात बधिर करणारे इंजेक्शन) देण्याआधी, निरोगी हाताच्या शिरेतून सेफाझोलिन देते; मोठ्या माणसाला दोन ग्रॅम, १२० किलो किंवा त्याहून अधिक वजन असेल तर तीन, आणि मुलाला किलोमागे तीस मिलिग्रॅम. ब्लॉक चढेपर्यंत, हात साफ करून चादरी घालेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात आणि औषध जिथे पोहोचायचे तिथे पोहोचते. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली तर दुसरा डोस देते, पण मनगटाच्या प्लेटला तशी वेळ सहसा येत नाही.

व्हँकोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक द्यायचे असेल तर गणित वेगळे आहे. ते तासभर हळूहळू सोडावे लागते, नाहीतर रुग्णाचे तोंड-मान लाल होऊन अंगाची आग होते आणि रक्तदाब उतरतो; म्हणून ते बरेच आधी सुरू करावे लागते. टेस्ट डोसाबद्दल एवढेच म्हणेन की पूर्वी पेनिसिलिन किंवा तत्सम औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, धाप लागली होती का, हे रुग्णाला नीट विचारणे त्या टोचणीपेक्षा जास्त उपयोगाचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी बहुतेक ओटीच्या भिंतीवर चिकटवलेली असते. चीर देण्यापूर्वी थांबून विचारायच्या प्रश्नांत "गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले आहे का?" असा एक प्रश्न आहे. तो मोठ्याने विचारला जातो का, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या ओटीत पाहावे.

उत्तर — एक नातेवाईक

मी डॉक्टर नाही. माझ्या आईच्या मनगटात दोन वर्षांपूर्वी प्लेट बसवली. तिला मधुमेह आहे. तिलाही एकच डोस दिला होता, आणि नवव्या दिवशी जखमेची कड लाल होऊन त्यातून पाणी येऊ लागले. सुट्टीचा दिवस होता म्हणून मी औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या. लाली उतरली, गोळ्या संपल्या आणि आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी जखम उघडून धुवावी लागली आणि आईचा हात सुजेतून बाहेर यायला अडीच महिने लागले. वर दिलेले आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही, पण ज्याच्या घरी ते साडेतीन टक्के येतात, त्याला बाकीच्या साडेशहाण्णव टक्क्यांचे समाधान मिळत नाही. आईला पाच दिवस औषध दिले असते तर हे टळले असते का, एवढे कोणी सरळ सांगेल का?

उत्तर — सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतून

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर : बहुधा टळले नसते. आपल्या आईच्या बाबतीत काय घडले हे कागदपत्रे न पाहता कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही, परंतु मधुमेह असलेल्या रुग्णात शस्त्रक्रियेच्या वेळची आणि त्यानंतरच्या दिवसांतली साखर आटोक्यात असणे हे औषधाच्या दिवसांपेक्षा फार जास्त महत्त्वाचे ठरते. जखमेला जो त्रास नवव्या दिवशी दिसतो, त्याचे बीज बहुतेक वेळा ओटीतच पडलेले असते.

औषधाच्या दुकानातील गोळ्यांबद्दल आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही. सुट्टीच्या दिवशी आईचा हात लाल दिसल्यावर कोणताही मुलगा तेच करील. तरीही त्या गोळ्यांनी दोन गोष्टी झाल्या असाव्यात. वरची लाली दबली आणि खोलवरचे दुखणे आठवडाभर झाकले गेले. आणि नंतर नमुना आमच्यासारख्या प्रयोगशाळेत आला असेल तेव्हा जंतू वाढले नसण्याची शक्यता निर्माण झाली. आत धातू असताना जखम वाहू लागली तर आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे आणि शक्य तर औषध सुरू करण्यापूर्वी खोलचा नमुना घ्यावा. कातडीवरून फिरवलेल्या बोळ्यात कातडीचेच जंतू सापडतात, आणि मग त्यांच्यावर उपचार सुरू होतात. आत धातू बसवला असेल तर नव्वद दिवसांपर्यंत होणारा खोल संसर्ग हा त्या शस्त्रक्रियेचाच संसर्ग धरला जातो, म्हणून "टाके निघाले, आता संबंध संपला" असे समजू नये.

तिसऱ्या डॉक्टरांच्या औषधांच्या निवडीबद्दलही थोडे लिहितो, कारण वर कोणी त्याला हात घातलेला नाही. स्वच्छ जखमेत प्लेट बसवताना आपल्याला मुख्यतः कातडीवरचा स्टॅफिलोकोकस रोखायचा असतो, आणि त्याच्याविरुद्ध जुने व स्वस्त सेफाझोलिन हे सेफ्ट्रायॅक्झोनपेक्षा सरस आहे. कोणी चतुर वाचक म्हणेल की नेदरलँड्समधील ज्या चाचणीचा सरांनी उल्लेख केला तिच्यात सेफ्ट्रायॅक्झोनच वापरले होते. ते खरे आहे. ते दिवसभर रक्तात टिकते, म्हणून एका डोसाच्या चाचणीसाठी ते सोयीचे होते. परंतु मधल्या तीस वर्षांत आपल्या रुग्णालयांतील आतड्याचे जंतू या गटाच्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत, आणि पाच-पाच दिवसांच्या अनावश्यक डोसांनी आपणच त्यांना तालीम देतो. ज्या वॉर्डात सर्वांना सेफ्ट्रायॅक्झोन मिळते, तिथल्या आजींना पुढे लघवीचा संसर्ग झाला की आमच्या अहवालात बहुतेक औषधांपुढे "निष्प्रभ" असे लिहावे लागते. अमिकासिनची तर गोष्टच सोडा. बंद फ्रॅक्चरमध्ये त्याचे काम काय, हे मला समजलेले नाही, आणि वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडाला व कानांना ते काय करते हे मात्र समजलेले आहे.

अपवाद दोन सांगतो. रुग्णाच्या अंगावर मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस असल्याचे आधी माहीत असेल, तर सेफाझोलिन पुरत नाही आणि व्हँकोमायसिन जोडावे लागते. दुसरा अपवाद खांद्याचा. काखेच्या आणि खांद्याच्या कातडीच्या तेलग्रंथींमध्ये क्युटिबॅक्टेरियम नावाचा अतिशय सावकाश वाढणारा जंतू राहतो. तो खोलवर असल्यामुळे वरून लावलेल्या औषधांनी आणि शिरेतल्या डोसानेही पुरता जात नाही. खांद्याच्या प्लेटनंतर सहा महिन्यांनी, पू किंवा ताप नसताना, नुसते दुखत असेल तर त्याची शंका घ्यावी आणि नमुना चौदा दिवस ठेवायला आम्हाला सांगावे. दोन-तीन दिवसांत "जंतू आढळले नाहीत" असा अहवाल घेऊन गेलात, तर तो आमच्या दृष्टीने अपुरा आहे.

जाता जाता एक विनंती. आदल्या रात्री वस्तऱ्याने हात भादरण्याची पद्धत कुठे चालू असेल तर ती बंद करावी. त्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात. केस अडचणीचे असतील तरच, ओटीला नेण्याच्या वेळी, क्लिपरने काढावेत.

उत्तर — ओटी सिस्टर

सर्वांचे मनापासून आभार. भूलतज्ज्ञ मॅडमचा संदेश वाचून काल दुपारी मी मागच्या दोन आठवड्यांचे केसपेपर काढून बसले आणि वॉर्डच्या चार्टवरची वेळ व ओटीच्या रजिस्टरमधली वेळ शेजारी शेजारी लिहिली. आमच्याकडे आजवर या दोन वह्या एकत्र कोणी पाहिल्याच नव्हत्या. मनगटाच्या प्लेटची एक केस अशी : वॉर्डमध्ये डोस सकाळी ७.४०, टूर्निकेट ११.०२, चीर ११.१०. ही केस तिसऱ्या डॉक्टरांची होती, म्हणजे त्या आजींना पुढे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ औषध मिळाले आणि जेव्हा हवे होते तेव्हाच ते जवळजवळ नव्हते. पण मला खरा धक्का बसला तो पुढची केस पाहून. ती पहिल्या, म्हणजे एक डोस देणाऱ्या डॉक्टरांची होती आणि तिथेही डोस वॉर्डमध्येच, साडेतीन तास आधी गेला होता. डॉक्टरांनी फाईलवर "ओटीत द्यावे" असे लिहिलेले होते. चूक आमच्या बाजूची होती.

त्या सात वर्षांच्या मुलाचा डोस मात्र ओटीत, वायर घालण्यापूर्वी बावीस मिनिटे गेला होता. त्याचे कारणही काही मोठे नाही : त्याला वॉर्डमध्ये शीरच सापडली नव्हती, म्हणून इंट्राकॅथ (शिरेत औषध देण्याची नळी) ओटीत लावले.

आजपासून कुपी रुग्णाच्या फाईलला रबरबँडने बांधून ओटीत पाठवायची आणि वॉर्डमध्ये फोडायचीच नाही, असे मेट्रननी सांगितले आहे. रजिस्टरमध्ये "अँटिबायोटिकची वेळ" असा रकाना टूर्निकेटच्या रकान्याच्या अगदी आधी आखून घेतला आहे. टेस्ट डोसाचे काय करायचे, हे पुढच्या बैठकीत ठरेल. तिसऱ्या डॉक्टरांशी पाच दिवसांबद्दल कसे बोलावे, हे मात्र मला समजत नाही. मी बोलले तर ते चिडतील, अशी भीती वाटते.

उत्तर — निवृत्त अस्थिशल्यक

सिस्टर, पाच दिवसांबद्दल तुम्ही बोलूच नका. त्यांच्याकडे फक्त ती एक ओळ घेऊन जा : डोस ७.४०, टूर्निकेट ११.०२. "सर, यात आमची चूक झाली, आम्ही सुधारतो आहोत," असे म्हणा आणि रजिस्टरचा नवा रकाना दाखवा. माझ्यासारख्या माणसाला "तुम्ही जास्त देता" हे ऐकवत नाही, पण "तुमचा डोस पोहोचला नाही" हे ऐकल्यावर झोप लागत नाही. माझे पाच दिवस सुटले ते असेच, एका भूलतज्ज्ञ बाईंनी शांतपणे दाखवलेल्या वेळेमुळे. सुरुवात मुलांच्या वायरपासून करा. तिथे ते लवकर ऐकतील. आणि उघड्या फ्रॅक्चरचे कागद या चर्चेतून पूर्णपणे वेगळे ठेवा, नाहीतर एखादा उत्साही निवासी डॉक्टर "सर्वांना एकच डोस" म्हणत मळणी यंत्रात सापडलेल्या हातालाही तोच नियम लावील.

मुलाच्या वडिलांना ती बावीस मिनिटे सांगितलीत का?

उत्तर — ओटी सिस्टर

गुरुवारी वायर काढायला येणार आहेत. रजिस्टरचे पान खूण घालून ठेवले आहे.